बेट हवे, माणसे नकोत: दिएगो गार्सियाच्या तळाचे प्रकरण

नौदलाची ताकद मोजायची म्हटले की आपण जहाजे मोजायला लागतो. विमानवाहू नौका किती, पाणबुड्या किती, विनाशिका किती. घरापासून आठ-दहा हजार किलोमीटरवर ही जहाजे महिनोन्महिने ठेवायची असतील तर मात्र हिशेब बदलतो. तेल कुठे भरणार? बिघाड झाला तर गोदी कुठली? दारूगोळा कुठे उतरवून ठेवणार? आणि ज्याच्या जमिनीवर हे सगळे चालणार तो आज हो म्हणाला, तरी पाच वर्षांनी हो म्हणेल का?

हे प्रकरण त्या शेवटच्या प्रश्नाचे आहे. १९६०च्या दशकात ब्रिटन आणि अमेरिकेने हिंदी महासागरात त्यावर एक तोड काढली: परवानगी मागावी लागेल असे कोणी मागे ठेवायचेच नाही. दिएगो गार्सिया नावाच्या प्रवाळबेटावर तळ उभा राहिला. लष्करी दृष्टीने तो कल्पनेपेक्षा जास्त उपयोगी ठरला. परवानगीचा प्रश्न मात्र मिटला नाही, नुसता पुढे ढकलला गेला.

मंत्री सोडले तर बहुतेक अधिकाऱ्यांची नावे इथे गाळली आहेत. निर्णय कोणत्या खुर्चीतून झाला एवढे कळले की पुरते. खुर्चीतली माणसे बदलली तेव्हाही निर्णय फारसा बदललेला दिसत नाही.

पार्श्वभूमी

ब्रिटनचे हिंदी महासागरातले वर्चस्व म्हणजे बंदरांची साखळी होती. एडन, त्रिंकोमाली, सिंगापूर, दक्षिण आफ्रिकेतले सायमन्सटाउन. वाफेच्या जहाजांच्या काळात या साखळीचे काम कोळसा पुरवणे हे होते. दिएगो गार्सियावरही १८८०च्या दशकात काही वर्षे तांबड्या समुद्रातून ऑस्ट्रेलियाकडे जाणारी जहाजे कोळशासाठी थांबत. पुढे कोळसा गेला आणि तेल आले, पण साखळीची गरज तशीच राहिली.

ही साखळी तुटली कशी हे नीट पाहण्यासारखे आहे. सिंगापूर १९४२मध्ये जपानने लढून घेतले, पण ते युद्ध संपल्यावर परत मिळाले. युद्धानंतर जी ठाणी गेली ती शत्रूमुळे गेली नाहीत. १९४७मध्ये भारत स्वतंत्र झाला. १९५७मध्ये श्रीलंकेच्या, म्हणजे तेव्हाच्या सिलोनच्या निवडून आलेल्या सरकारने त्रिंकोमाली परत मागितले आणि ते द्यावे लागले. एडनमध्ये सशस्त्र उठाव झाला आणि ३० नोव्हेंबर १९६७ला ब्रिटिश तिथून निघाले. तोफांचा मारा सोसू शकणारे बंदर स्थानिक विधिमंडळातल्या एका ठरावाने हातचे जाऊ शकते, हा धडा लंडनपेक्षाही बारकाईने वॉशिंग्टनमध्ये वाचला जात होता.

अमेरिकी नौदलाच्या नियोजन विभागात १९५०च्या दशकाच्या अखेरीस एक कल्पना मांडली गेली. वसाहती स्वतंत्र होणार हे आता अटळ आहे. तेव्हा त्या स्वतंत्र होण्याआधीच, मित्रदेशाच्या ताब्यात असलेली, मोक्याची, लहान आणि जवळजवळ निर्मनुष्य बेटे हेरून ठेवायची आणि दीर्घ मुदतीने मिळवायची. आज तळ बांधायची गरज नसली तरी जागा अडवून ठेवायची. विचार म्हणून तो हुशारीचा होता. त्यातला ‘जवळजवळ’ हा शब्द पुढे महागात पडला.

चागोस द्वीपसमूह त्या यादीत बसत होता. १८१४च्या पॅरिस तहापासून तो मॉरिशसबरोबर ब्रिटनकडे होता. त्यातले सर्वांत मोठे बेट दिएगो गार्सिया. जमीन जेमतेम ३० चौरस किलोमीटर, पण आकार असा की एका मोठ्या लगूनला, म्हणजे समुद्राच्या आत शिरलेल्या पाण्याला, तिने जवळजवळ पूर्ण वेढा घातलेला. नकाशावर ते पावलाच्या ठशासारखे दिसते. मधल्या शांत पाण्यात अख्खा ताफा नांगरून राहू शकतो. मुंबईच्या जवळजवळ सरळ दक्षिणेला सुमारे २,९०० किलोमीटरवर हे बेट आहे. आखातापासून दूर, आफ्रिकेपासून दूर, वादळांच्या नेहमीच्या वाटेबाहेर.

बेटावर नारळाचे मळे होते. गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी आणि मादागास्करच्या लोकांचे आणि नंतर आलेल्या भारतीय मजुरांचे वंशज तिथे राहत. क्रिओल ही मिश्र भाषा बोलत, नारळ सोलत, खोबरे वाळवत. चर्च होते, दफनभूमी होती. संपूर्ण द्वीपसमूहात मिळून माणसे दीड ते दोन हजार.

अडचण काय होती

ब्रिटनची अडचण पैशांची होती. १८ नोव्हेंबर १९६७ला पौंडाचे अवमूल्यन झाले, २.८० डॉलरचा पौंड २.४० वर आला. दोन महिन्यांत, १६ जानेवारी १९६८ला, पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांनी १९७१च्या अखेरपर्यंत सुएझच्या पूर्वेकडची सैन्ये काढून घेण्याचे जाहीर केले. जुन्या सत्तेला निघायचे होते, पण प्रभाव पूर्ण सोडून नव्हे.

अमेरिकेची अडचण अंतराची होती. साधारण पंधरा नॉट वेगाने जहाज दिवसाला ६७० किलोमीटरच्या आसपास जाते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या नॉरफोकहून होर्मुझच्या सामुद्रधुनीपर्यंत सुएझमार्गे तीन आठवड्यांच्या वर लागतात. आणि सुएझ कालवा जून १९६७ ते जून १९७५ अशी तब्बल आठ वर्षे बंद होता. आफ्रिकेला वळसा घालायचा तर महिना उलटतो. दिएगो गार्सियाहून तेच अंतर आठवड्याच्या आत कापता येते. शिवाय नौदलात ढोबळ हिशेब असा असतो की एक जहाज दूरच्या पाण्यात कायम हवे असेल तर ताफ्यात तशी तीन लागतात: एक तैनात, एक दुरुस्तीत, एक सरावात किंवा वाटेत. वाट जितकी लांब तितका हा हिशेब बिघडतो. तळ नसलेला देश तीच हजेरी लावायला जास्त जहाजे बांधतो.

आणि दोघांची सामायिक अडचण म्हणजे तीच, परवानगीची.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय तळाशिवाय भागवण्याचा होता. विमानवाहू नौका म्हणजे तरंगता तळ, कोणाची परवानगी लागत नाही. ब्रिटिश नौदलाला सीव्हीए-०१ ही नवी मोठी नौका हवी होती. फेब्रुवारी १९६६मध्ये सरकारने ती रद्द केली. नौदलमंत्री आणि नौदलप्रमुख दोघांनी राजीनामे दिले. हवाईदलाने बाजू मांडली होती की बेटांवरच्या धावपट्ट्यांवरून लांब पल्ल्याची विमाने तेच काम स्वस्तात करतील. म्हणजे नौका रद्द झाली तिथेच बेटांची किंमत वाढली.

दुसरा पर्याय यजमान देशाच्या बंदरात कोपरा भाड्याने घेण्याचा. अमेरिकेचे एक छोटे नौदल पथक १९४९पासून आखातात होते आणि बहारीनमध्ये ब्रिटिशांच्या जुफैर तळावर त्याची उठबस असे. ब्रिटिश निघाल्यावर १९७१च्या डिसेंबरात अमेरिकेने त्या तळाचा काही भाग थेट बहारीनकडून भाड्याने घेतला. स्वस्त आणि सोयीचे, पण शेखच्या मर्जीवर अवलंबून.

तिसरा पर्याय निर्मनुष्य बेटाचा, आणि त्यातही दोन उमेदवार होते. सेशल्सकडचे अल्दाब्रा हे खरोखरच माणसांशिवायचे होते. तिथे राक्षसी कासवे होती. लाखभर कासवे आणि दुर्मीळ पक्षी वाचवण्यासाठी ब्रिटन-अमेरिकेतले शास्त्रज्ञ एकवटले, वर्तमानपत्रांतून आणि संसदेत ओरड झाली, त्यात अवमूल्यनाची भर पडली, आणि १९६७च्या अखेरीस अल्दाब्राची योजना गुंडाळली गेली. चागोसच्या माणसांसाठी त्या वर्षी कोणी ओरडले नाही. ती तिथे आहेत हेच फारशा कोणाला ठाऊक नव्हते.

चौथा पर्याय टेबलावर आला होता, पण त्याला पर्याय मानले गेले नाही. जुलै १९६५मध्ये मॉरिशसच्या मंत्र्यांनी सुचवले होते की चागोस तोडून घेऊ नका, ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने घ्या. लंडनला आणि वॉशिंग्टनला ते नको होते. भाडेपट्टा म्हटला की मालक आला, आणि सगळा खटाटोप मालक टाळण्यासाठीच चालला होता.

काय केले गेले

सप्टेंबर १९६५मध्ये मॉरिशसच्या स्वातंत्र्याची बोलणी लंडनमध्ये चालू होती. २३ तारखेला विल्सन यांनी मॉरिशसचे नेते शिवसागर रामगुलाम यांची स्वतंत्र भेट घेतली. भेटीआधी पंतप्रधानांना जे टिपण दिले गेले ते आता खुले आहे. त्याचा मथितार्थ असा: स्वातंत्र्य मिळेल ही आशा दाखवायची आणि न मिळण्याची भीतीही घालायची. त्याच दिवशी चागोस मॉरिशसपासून तोडण्याला संमती मिळाली. मोबदला ३० लाख पौंड, आणि संरक्षणासाठी गरज संपली की बेटे परत करण्याचे आश्वासन. या संमतीला संमती म्हणावे का, यावर पुढे अर्धशतक वाद चालला.

८ नोव्हेंबर १९६५ला राणीच्या नावाने एक आदेश निघाला आणि ‘ब्रिटिश हिंदी महासागर प्रदेश’ नावाची नवी वसाहत जन्माला आली. जगभर वसाहती मोडीत निघत होत्या त्या काळात. हा मार्ग मुद्दाम निवडलेला होता, कारण अशा आदेशाला संसदेत चर्चा लागत नाही. ३० डिसेंबर १९६६ला दोन्ही देशांनी पत्रांची देवाणघेवाण करून ५० वर्षांचा करार केला, पुढे २० वर्षे वाढणारा. पत्रे असल्यामुळे अमेरिकी सिनेटसमोर तहासारखी मंजुरी नको. आणि अमेरिकेने खर्चाचा निम्मा वाटा उचलला तो रोख पैसे न देता. ब्रिटन तेव्हा अमेरिकेकडून पाणबुडीतून डागायची पोलॅरिस क्षेपणास्त्रे विकत घेत होता. त्यावरच्या संशोधन आकारात १ कोटी ४० लाख डॉलरपर्यंत सूट मिळाली. अंदाजपत्रकात कुठेही बेटाचे नाव नाही. दोन लोकशाही देशांनी आपापल्या संसदांना वळसा घालून केलेला हा व्यवहार कागदोपत्री इतका चोख आहे की त्याचे कौतुक वाटावे आणि लगेच त्या कौतुकाची लाज वाटावी.

राहिली माणसे. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेनुसार, ज्या प्रदेशात कायमची वस्ती आहे आणि जो स्वराज्यापर्यंत पोचलेला नाही, त्याचा अहवाल द्यावा लागतो. अहवाल टाळायचा तर वस्ती कायमची नाही असे दाखवावे लागणार. म्हणून ब्रिटिश फायलींमध्ये बेटावरचे लोक ‘कंत्राटी कामगार’ झाले. तीन-चार पिढ्या तिथेच जन्मलेले कंत्राटी कामगार! १९६६च्या एका शेऱ्यात एका वरिष्ठ अधिकाऱ्याने त्यांचा उल्लेख टारझन आणि मॅन फ्रायडे (कादंबरीतल्या रॉबिन्सन क्रूसोचा नोकर) अशा थट्टेच्या शब्दांत केला आहे. ती थट्टा पुढे न्यायालयात वाचली गेली.

आधी एक साधी युक्ती वापरली गेली. औषधोपचाराला किंवा नातेवाइकांना भेटायला मॉरिशसला गेलेल्या माणसाला परतीची बोट नाकारायची. किराणा घेऊन येणाऱ्या बोटी कमी झाल्या, शिक्षक आणि आरोग्यसेवक निघून गेले. मळे सरकारनेच विकत घेऊन ठेवले होते, म्हणजे रोजगार कधी बंद करायचा हेही सरकारच्या हाती. १९७१च्या सुरुवातीला अमेरिकी नौदलाच्या बांधकाम तुकड्या उतरल्या. एप्रिलमध्ये परवान्याशिवाय बेटावर असणे गुन्हा ठरवणारा वटहुकूम निघाला.

मग कुत्री मारायचा हुकूम आला. आधी गोळ्या घालून पाहिले, विष घालून पाहिले, ते जमेना. शेवटी मळ्यातल्या खोबरे वाळवायच्या भट्टीत त्यांना मांस दाखवून कोंडले गेले आणि गाड्यांच्या धुराने मारले गेले. ज्यांची ती कुत्री होती ती माणसे अजून बेटावर होती. पुढचा नंबर कोणाचा हे सांगायची गरज उरली नाही.

१९७१च्या ऑक्टोबरपर्यंत दिएगो गार्सिया रिकामे झाले. काही कुटुंबे द्वीपसमूहातल्याच पेरोस बान्होस आणि सालोमन बेटांवर गेली. १९७३पर्यंत तीही रिकामी केली गेली. नॉर्डवेअर नावाच्या मालवाहू जहाजावर मळ्यातल्या घोड्यांना डेकवर नीट जागा दिली होती आणि माणसे खोबऱ्याच्या पोत्यांवर बसून आली, असे त्या लोकांनी सांगितले आहे. शेवटच्या खेपेतली माणसे मॉरिशसची राजधानी पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरायलाच तयार नव्हती.

लष्करी फळ

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. आपल्याकडे दिएगो गार्सियाचे नाव निघाले की डिसेंबर १९७१च्या भारत-पाक युद्धातली अमेरिकी विमानवाहू नौका ‘एंटरप्राइज’ आठवते. ती नौका बंगालच्या उपसागरात आली ती पॅसिफिकमधून, मलाक्काच्या सामुद्रधुनीतून. दिएगो गार्सियावर तेव्हा नुकतेच झाडे तोडून बांधकाम चालू होते. १६ डिसेंबरला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने हिंदी महासागर शांतताक्षेत्र म्हणून जाहीर केला, श्रीलंकेच्या पुढाकाराने आणि भारताच्या पाठिंब्याने. ठरावाने तळाचे काम एक दिवसही थांबले नाही.

अमेरिकी काँग्रेसला हा तळ ‘दळणवळण केंद्र’ म्हणून सांगितला गेला होता, आणि १९७३मध्ये ते केंद्र सुरू झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरचे अरब-इस्रायल युद्ध पेटले, अरब देशांनी तेल रोखले. सोव्हिएत नौदल सोमालियातल्या बेर्बेरा बंदरात बस्तान बसवत होते. आता धावपट्टी वाढवायला आणि लगून खोल करायला काँग्रेसकडे कारणे होती. १९७९मध्ये इराणचा शहा गेला आणि आखातातला अमेरिकेचा मुख्य आधारच निखळला, तेव्हा तर हा तळ सोय न राहता गरज झाला.

या तळाची खरी करामत विमाने किंवा युद्धनौका यांपेक्षा कंटाळवाण्या दिसणाऱ्या मालवाहू जहाजांत आहे. १९८०पासून लगूनमध्ये अशी जहाजे नांगरून ठेवली गेली. त्यांच्या पोटात रणगाडे, दारूगोळा, इंधन, पाणी, अन्न. सैनिक घरीच. युद्धाची वेळ आली की सैनिक विमानाने जवळच्या बंदराशी पोचतात आणि जहाजे त्यांचे सामान तिथे घेऊन येतात. अशा जहाजांच्या एका ताफ्यात सुमारे १६,५०० मरीन सैनिकांना ३० दिवस पुरेल एवढे साहित्य असते. ऑगस्ट १९९०मध्ये इराकने कुवेत घेतल्यावर दोन आठवड्यांच्या आत दिएगो गार्सियाची जहाजे सौदी अरेबियाच्या जुबैल बंदरात लागली होती. अमेरिकेतून जहाजाने निघालेले अवजड सामान तेव्हा अजून वाटेतच होते. पुढे १९९१, २००१ आणि २००३च्या युद्धांत इथून बॉम्बफेकी विमानेही उडाली.

आणि बहारीनचे काय झाले? ऑक्टोबर १९७३च्या युद्धात अमेरिकेने इस्रायलला मदत केली म्हणून बहारीनने तळ सोडण्याची नोटीस दिली. म्हणजे ज्याची भीती होती तेच घडले. पण पुढचे पाहा. बोलणी झाली, मुदती वाढल्या, १९७७मध्ये ‘तळ’ हा शब्द गेला आणि ‘प्रशासकीय साहाय्य’ असे निरुपद्रवी नाव आले. जहाजे येतच राहिली. १९९५मध्ये अमेरिकेचे पाचवे आरमार नव्याने उभे झाले ते बहारीनमध्ये मुख्यालय ठेवून. २०१८मध्ये ब्रिटननेही तिथेच पुन्हा तळ उघडला. नोटीस मिळालेला पर्यायही टिकला, नाव बदलून, आवाज खाली आणून.

कायद्याची वाट

१९७५मध्ये अमेरिकी वृत्तपत्रांत विस्थापितांची बातमी आली आणि निर्मनुष्य बेटाची गोष्ट उघडी पडली. ब्रिटनने मॉरिशस सरकारला १९७२मध्ये पुनर्वसनासाठी साडेसहा लाख पौंड दिले होते. ते लोकांच्या हाती पडायला १९७८ उजाडले. १९८२मध्ये आणखी ४० लाख पौंड. पोर्ट लुईच्या झोपड्यांत राहणाऱ्या बायकांनी उपोषणे केली, मोर्चे काढले. या लढ्याची सुरुवात बायकांनीच केली.

नोव्हेंबर २०००मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने १९७१चा वटहुकूम बेकायदा ठरवला. सरकारने अपील केले नाही. तेव्हाच्या परराष्ट्रमंत्र्यांनी दिएगो गार्सिया सोडून बाकी बेटांवर परतण्याची वाट मोकळी केली. २००४मध्ये मात्र पुन्हा राणीच्या नावाने आदेश काढून ती बंद केली गेली. हाउस ऑफ लॉर्ड्सच्या न्यायपीठाने २००८मध्ये तीन विरुद्ध दोन मतांनी सरकारला उचलून धरले. त्याच वर्षी परराष्ट्रमंत्र्यांना संसदेत कबूल करावे लागले की २००२मध्ये कैदी घेऊन जाणारी दोन अमेरिकी विमाने दिएगो गार्सियावर उतरली होती आणि सरकारने आधी दिलेली माहिती चुकीची होती. जागेच्या मालकालाच आपल्या जागेत काय चालते याचा पत्ता नव्हता.

२०१०मध्ये ब्रिटनने चागोसभोवती मोठे सागरी संरक्षित क्षेत्र जाहीर केले, मासेमारी बंद. मॉरिशस लवादाकडे गेला. मार्च २०१५मध्ये लवादाने सांगितले की हे करताना ब्रिटनने १९६५च्या आश्वासनांकडे दुर्लक्ष केले. म्हणजे रामगुलाम यांच्याशी झालेले ते तोंडदेखले ठरलेले बोलणे बंधनकारक निघाले. मग मामला हेगला. २५ फेब्रुवारी २०१९ला आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १३ विरुद्ध १ अशा बहुमताने सल्लागार मत दिले: चागोस तोडणे मॉरिशसच्या लोकांच्या मुक्त इच्छेवर आधारलेले नव्हते, ब्रिटनने तिथला कारभार शक्य तितक्या लवकर संपवावा. मे महिन्यात आमसभेत ११६ विरुद्ध ६ मतांनी ठराव झाला. ५६ देश तटस्थ, आणि त्यांत ब्रिटनचे बरेच जुने मित्र.

२२ मे २०२५ला ब्रिटन आणि मॉरिशसने करारावर सह्या केल्या. करारात ठरले ते असे: सार्वभौमत्व मॉरिशसचे. दिएगो गार्सिया ९९ वर्षांसाठी ब्रिटनकडे भाड्याने, वर्षाला सरासरी १० कोटी १० लाख पौंड. ९९ हा आकडा वाचताना जुलै १९६५ची आठवण न येणे कठीण आहे.

निर्णयाच्या जागा

हे प्रकरण वाचून अनेक जण म्हणतात की तळच नको होता. ते सोपे उत्तर आहे आणि अभ्यासाला निरुपयोगी. तळ हवाच होता असे धरून चालले तरी तीन ठिकाणी वेगळे वळण घेता आले असते.

पहिले, १९६५. ९९ वर्षांचा पट्टा म्हणजे २०६४पर्यंतची निश्चिंती. त्याला विरोध का झाला हे समजण्यासारखे आहे. त्रिंकोमाली ताजे होते आणि एडनमध्ये उठाव चालू होता. स्वतंत्र मॉरिशसचे पुढचे सरकार डावे आले तर? ही भीती खोटी नव्हती. १९८२मध्ये मॉरिशसमध्ये सत्तापालट झाला आणि नव्या सरकारने चागोसवर हक्क सांगितला. पण बहारीनचा अनुभव सांगतो की नोटीस देणारा यजमानही बोलणी करतो, आणि त्याच्याशी बोलायला काहीतरी असते. ज्याची जमीन तोडून घेतली तो फक्त न्यायालयात भेटतो.

दुसरे, आणि माझ्या मते सर्वांत अक्षम्य, १९७२-७३. पेरोस बान्होस आणि सालोमन ही बेटे दिएगो गार्सियापासून दोनशे किलोमीटरांहून दूर आहेत. तिथे ना धावपट्टी झाली, ना रडार. कुठल्याही लष्करी कामासाठी ती वापरली गेली नाहीत. तिथली माणसे हलवली ती ‘कायमची वस्ती नाही’ हे कागदावरचे वाक्य खरे करण्यासाठी. ती तिथे राहिली असती तर तळाचे काहीही बिघडले नसते, आणि पुढचे निम्मे खटले उभेच राहिले नसते. खुद्द दिएगो गार्सियावरही तळ मुख्यतः पश्चिमेच्या बाजूला आहे. पूर्वेच्या बाजूला जुन्या मळ्याचे चर्च आणि मालकाचे घर अजून उभे आहे, झाडीत.

तिसरे, २००४. न्यायालयाने चार वर्षांपूर्वी सोपी सुटका दिली होती: बाहेरची बेटे उघडा, तळ राखा. ती वाट बंद करून लंडनने चागोसच्या माणसांचा दावा मॉरिशसच्या दाव्याच्या आणखी जवळ ढकलला. विस्थापितांचे दुःख आणि मॉरिशसचा सार्वभौमत्वाचा हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०२५च्या करारावेळी अनेक चागोसवासी, विशेषतः इंग्लंडमध्ये क्रॉलीला स्थायिक झालेले, चिडले होते ते याचसाठी. पुन्हा दोन सरकारांनी त्यांना न विचारता त्यांच्या बेटांचे ठरवले. करारानुसार मॉरिशस बाहेरच्या बेटांवर वस्ती करू देऊ शकतो. दिएगो गार्सियावर नाही.

आजची नक्कल

दूरच्या पाण्यात हजेरी ठेवण्याचा खेळ आता फक्त जुन्या सत्तांचा नाही. जिबूतीत फ्रान्स आणि अमेरिकेच्या शेजारी २०१७पासून चीनचा तळ आहे. भारत एके काळी दिएगो गार्सियाच्या विरोधात सर्वांत मोठ्याने बोलत होता. आज तोही बेटांच्या शोधात आहे. सेशल्सच्या असम्प्शन बेटावर भारताने सुविधा उभारण्याचा करार २०१८मध्ये नव्याने झाला, पण तिथे लोक रस्त्यावर उतरले आणि सेशल्सच्या संसदेने तो मंजूर केला नाही. काम सुरूच झाले नाही. मॉरिशसच्या अगालेगा बेटावर मात्र भारताने बांधलेली तीन किलोमीटरची धावपट्टी आणि जेट्टी फेब्रुवारी २०२४मध्ये सुरू झाली. मालकी मॉरिशसची, आणि हा लष्करी तळ नाही असे दोन्ही सरकारे सांगतात.

अगालेगावर तीनशेच्या आसपास माणसे राहतात. नारळ, मासे, क्रिओल. धावपट्टीचे यंत्रसाहित्य उतरू लागले तेव्हा त्यांनी विमाने कुठली येणार हे विचारले नाही. आम्हाला चागोसच्या लोकांसारखे हलवणार तर नाही ना, हे विचारले.